वाजतोय अजून

ओउलूच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात,
सायमी राउतिओ कानांवर हात ठेवून बसायची.
बाई विचारत, काय झालं? ती म्हणे, पंखा.
छतातला, हवा खेळवणारा. बाकी कुणाला ऐकू येत नसे.
प्रगतिपुस्तकात शेरा पडला : वर्गात लक्ष नसते.

मी तिच्याकडे हिशेब लिहायला लागले तेव्हा
कारखान्यात सहा माणसं,
आणि सहांना दोन महिने पुरेल इतकं कर्ज.
मला एकच सूचना होती : पेनाची टकटक नको.
अकरा वाजून दहा मिनिटांनी ती जेवायची,
राईचा पाव, लोणच्यातली काकडी, सोळा वर्षं तेच.
स्वेटरच्या मानेमागचं लेबल कापलेलं,
कापणारी कात्री डाव्या खणात.
मी एकदा उजव्यात ठेवली.
दुपारभर ती माझ्याशी बोलली नाही,
रागाने नव्हे; शोधत होती.

हेलसिंकीहून बँकेचे लोक आले.
म्हणाले, शांततेला गिऱ्हाईक नाही,
लोकांना वारा हवा, आणि स्वस्त.
तिने विचारलं, कोणत्या लोकांना? नावं सांगा.
ते हसले. ती वहीवर पेन्सिल टेकवून
थांबून राहिली, नावांसाठी.
जाता जाता एकाने विचारलं,
पाच वर्षांनी कंपनी कुठे दिसते तुम्हाला?
इथेच, ती म्हणाली. इमारत दगडी आहे.

कर्ज मिळालं नाही. मी घरी येऊन रडले.
ती रात्रभर पात्याचा कोन बदलत बसली,
अर्धा अंश. मग पाव अंश.

गिऱ्हाइकाला सांगायची : तुमचा जुना पंखा
अजून चार वर्षं चालेल. तेव्हा फोन करा.
मी टेबलाखाली माझीच बोटं चेचायचे.
चार वर्षांनी फोन यायचे, खरंच यायचे,
आणि भावाची घासाघीस न करता यायचे.
मग तुर्कूच्या इस्पितळातून एक नर्स आली,
अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीतली.
पंख्याला कान लावून उभी राहिली,
बंद आहे ना हा? तिने विचारलं.
चालू होता.

आता तीनशे माणसं आहेत. मासिकवाले येतात,
प्रवाहाविरुद्ध पोहणारी, असं मथळ्यात छापतात.
ती मथळा वाचून मला विचारते,
कोणता प्रवाह?
थट्टा नाही. तिला तो कधी लागलाच नव्हता अंगाला.

एक्केचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी तिला एक शब्द दिला.
तिने तो फाइलला लावला, तारीख घातली.
मी रात्री त्याला मराठीत शोधलं : स्वमग्न.
बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिले.
स्व कुठे होता त्यात?
ती पात्यात मग्न होती, तेलात, पाव अंशात,
न पाहिलेल्या बाळांच्या झोपेत.
स्वतःकडे तर तिचं लक्षच नसे,
बर्फात बूट उलटे घालून यायची.

आणि मासिकवाल्यांना मी वैक्कोबद्दल सांगत नाही.
तिचा धाकटा भाऊ. तेच कान, तोच हट्ट,
खोटं बोलायचा तोच नकार.
सात नोकऱ्या गेल्या त्याच्या. आठवी त्याने मागितली नाही.
कुहमोच्या जंगलात, विजेशिवाय, एका खोपटात राहतो,
पक्ष्यांच्या हाका वहीत वेळेसकट उतरवतो.
त्याच्यावर कोण मथळा देणार?
कुणाला कात्री डाव्या खणात ठेवू देणारी माणसं भेटतात,
कुणाला नाही. बाकी फरक मला तरी दिसला नाही,
आणि मी हिशेबनीस आहे.

गेल्या मार्चमध्ये ती नवा पंखा घेऊन त्याच्याकडे गेली,
सगळ्यांत शांत, बॅटरीवर चालणारा. मी गाडी चालवत होते.
तिने तो खिडकीत लावला, बटण दाबलं.
आम्ही तिघं उभे. बाहेर बर्फ. मला काहीच ऐकू येईना.
वैक्कोने डोळे मिटले. बराच वेळ गेला.
मग म्हणाला, वाजतोय अजून.

परतीच्या चारही तासांत पंखा तिच्या मांडीवर होता.
दोनदा तिने मला गाडी थांबवायला लावली,
इंजिन बंद कर, म्हणाली,
आणि कान लावला.